मोगरा शिजवायचा नसतो : अत्तर-फुलेलाबद्दल वाचकांचे प्रश्न

फुलेल म्हणजे फुलांचा वास मुरवलेले तेल. अत्तर म्हणजे फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवलेली. पहिल्याला आच लागलीच तर ते बिघडते, दुसरे आचेशिवाय होतच नाही. या वेळी आलेली निम्मी पत्रे या दोघांच्या घोळातून आलेली आहेत, म्हणून तेवढे आधी सांगितले.

प्रश्न : आमच्या बचत गटाने २ किलो मोगरा अर्धा लिटर खोबरेल तेलात मंद आचेवर तासभर शिजवला. वास भज्याच्या कढईसारखा येऊन राहिला आणि तेल तपकिरी झाले. काय चुकले? (ता. चांदूर बाजार)

आच चुकली. गुलाब तोडला की त्यात जेवढा वास आहे तेवढाच राहतो, पुढे तो नुसता उडत जातो. मोगऱ्याचे तसे नाही. दुपारनंतर तोडलेली टपोरी कळी रात्री आठ-नऊला उमलते आणि तोडल्यावरही पहाटेपर्यंत वास तयार करत राहते. तुम्ही कळी तेलात टाकून तापवली तेव्हा ती त्याच क्षणी मेली. तेलात उतरले ते पाकळीतले पाणी, हिरव्या देठाचा रस आणि तळल्याचा वास. फुलात पाणीच ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे त्या कढईत तेलाच्या तिप्पट पाणी होते हे लक्षात घ्या.

मोगऱ्याचा वास तिळाला पाजायचा, ही जुनी रीत. पांढरे, पॉलिश न केलेले तीळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. परातीत तिळाचा इंचभर थर द्या, त्यावर मलमलीचे पातळ कापड, कापडावर कळ्यांचा एकच थर, पुन्हा कापड, पुन्हा तीळ. मधे कापड घातले नाही तर सकाळी तिळातून पाकळ्या वेचता वेचता अख्खा गट थकून जाईल. प्रमाण १ किलो तिळाला २५० ग्रॅम कळ्या. कळ्या संध्याकाळी चार-पाचला तोडलेल्या, त्याच रात्री उमलतील अशा फुगलेल्या पांढऱ्या घ्या आणि हिरवे देठ खुडून टाका. वरून कोरडे कापड झाका. ओले फडके कधीच नको.

सकाळी सहा-सातला फुले काढून टाका. कडा तपकिरी व्हायला लागल्या की समजा उशीर झाला. तिथून पुढे फूल तिळाला वास देत नाही, कुजका आंबूसपणा देते. फुले काढल्यावर तीळ दोन तास सावलीत पसरा, कारण रात्रभरात त्यांनी फुलांची ओल घेतलेली असते. असे आठ ते दहा रात्री करा. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर कोरडा तीळ चावून पाहिला तरी मोगरा लागतो.

मग घाणी. इथे बहुतेकांचे काम नासते. एक्स्पेलर, म्हणजे तेल काढायचे यंत्र, तापतो, म्हणून तो नको, लाकडी घाणीच हवी. आपल्याकडच्या घाणीवर आदल्या दिवशी जवस किंवा शेंगदाणा गाळलेला असतो. जवसाचा वास लाकडात इतका बसतो की तुमच्या दहा रात्री तो एका घाण्यात खाऊन टाकतो. आधी किलो-दोन किलो साधे तीळ फिरवून घाणी धुऊन घ्या, ते तेल स्वयंपाकाला वापरा. पेंड सुटावी म्हणून घाणीवाले वरून गरम पाणी शिंपडतात. त्यांना गार आणि कमीत कमी पाणी मारायला सांगा. किलोमागे ३५० ते ४०० ग्रॅम तेल निघते. ते आठ दिवस हलवू नका, गाळ खाली बसला की वरचे नितळ तेल काढून घ्या.

घाणीला एका वेळी दहा-बारा किलो तीळ लागतात. म्हणजे रात्रीला अडीच-तीन किलो कळ्या आणि हंगामात वीस ते तीस किलो मोगरा. एवढे जमत नसेल तर कापडाची रीत बरी. धुतलेले पांढरे सुती कापड घाणीच्या तीळतेलात भिजवून, तेल ठिबकणार नाही इतके पिळून स्टीलच्या ताटात पसरा. २५० मिली तेलाच्या कापडांवर १०० ग्रॅम कळ्या एका थरात मांडा आणि वर दुसरे तेलकट कापड झाका. रोज सकाळी फुले काढा आणि संध्याकाळी नव्या कळ्या मांडा, असे बारा ते पंधरा दिवस. शेवटी पिळून १५० ते १७५ मिली हाती येते, बाकीचे कापड पिते. हेच कापड पुढच्या वर्षी वापरू नका, त्यातले तेल खवट झालेले असते.

तीळतेलही उघडे राहिले तर खवट होते. गडद काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरा. १०० मिलीला ४०० मिलिग्रॅमची ‘ई’ जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल फोडून घाला. मे महिन्यात बाटल्या कपाटात ठेवण्यापेक्षा रांजणाच्या तिवईखालच्या गारव्यात ठेवलेल्या बऱ्या.

प्रश्न : धुऱ्यावर आणि अर्ध्या एकरात गावठी गुलाब आहे. मार्च-एप्रिलमध्ये रोज सात-आठ किलो फूल निघते. घरच्या तांब्याच्या हंड्यावर अत्तर काढता येईल का? सामान काय लागेल? (ता. मेहकर)

येईल, पण आधी गुलाब तपासा. हारासाठी, बुकेसाठी लावलेल्या लांब दांड्याच्या गुलाबात रंग भरपूर, वास जवळजवळ नाही. तो कितीही उकळा, भपक्यात, म्हणजे वाफ गार होऊन जमते त्या घागरीत, उकडलेल्या पालेभाजीचा वास येईल. अत्तराचा गुलाब म्हणजे दमास्क, उत्तरेत ज्याला चैती म्हणतात तो. वर्षातून महिनाभरच फुलतो. जास्त दिवस फुलणारा एडवर्डही चालतो, वास थोडा हलका. नवी लागवड करायची असेल तर लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने मैदानी भागासाठी काढलेली ‘नूरजहाँ’ ही दमास्कची जात पाहा.

आता हिशेब. १०० किलो दमास्क फुलांत २० ते ३० ग्रॅम तेल असते. म्हणजे तुमच्या ८ किलोत २ ग्रॅम, फार तर अडीच. एवढेसे तेल वेगळे काढायला जाल तर भांड्याच्या भिंतींनाच लागून संपेल. म्हणूनच उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पद्धतीत भपक्यात आधी चंदनतेल ठेवून वाफ त्यात उतरवतात. गुलाबाचा थेंब चंदन धरून ठेवते. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच देग-भपका पद्धतीला धरून.

सामान : ४० लिटरची तांब्याची देग, म्हणजे फुले उकळायचे भांडे, घरचा हंडा चालेल. त्यावर घट्ट बसणारे झाकण, झाकणाला एक भोक. भोकातून भपक्याकडे जाणारा बांबूचा चोंगा. भपका म्हणजे १२ ते १५ लिटरची, निमुळत्या गळ्याची तांब्याची घागर. भपका बुडेल असा १५० ते २०० लिटरचा पाण्याचा हौद. प्लास्टिकचा ड्रम आडवा कापला तरी काम होते.

चोंगा फार लांब नको. सव्वा मीटर पुरे. पेरे आतून फोडून घ्या, बुरुडाकडून करून घेतलेले चांगले. बाहेरून अंबाडीची दोरी दाट गुंडाळा, नाहीतर वाफ वाटेतच गार होऊन पाणी देगीत परत गळते. नवा बांबू कच्चा वास सोडतो, म्हणून पहिल्या दोन-तीन खेपा नुसत्या पाण्याच्या करा. बांबूऐवजी रबरी किंवा प्लास्टिकची नळी लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. गरम वाफेत ती स्वतःचाच वास देते आणि त्या वर्षीचे सगळे अत्तर टायरच्या दुकानासारखे लागते.

सांधे लिंपायला माती आणि कापूस. आपली काळी माती एकटी घेऊ नका, वाळताना भेगाळते. मुलतानी किंवा नदीकाठची गाळाची माती घ्या, किलोभर मातीला दोन मुठी सरकी काढलेला कापूस कणकेसारखा मळा. झाकणाच्या कडेला, चोंग्याच्या दोन्ही टोकांना लावा आणि वरून कापडाची पट्टी ओढून बांधा. सिमेंट किंवा एम-सील अजिबात नको. हे बंद भांडे आहे. आत दाब वाढला तर माती फुटून वाफ बाहेर जाते. सिमेंट फुटत नाही, मग झाकण उडते.

फुले सूर्य वर येण्याआधी तोडा. नऊनंतर वास भराभर उतरतो, दुपारच्या फुलात निम्माही राहत नाही. तोडलेली फुले पोत्यात दाबून आणू नका, तासाभरात पोते आतून गरम लागायला लागते. ८ किलो फुले, १६ लिटर पाणी. देग पाऊण भरली की बस. वर जागा नसेल तर उकळताना फेस आणि पाकळ्या चोंग्यात चढतात. भपक्यात २५० ग्रॅम चंदनतेल.

आचेसाठी पऱ्हाट्या वापरू नका. भडकन पेटतात, भसकन विझतात. गुलाबाला एकसारखी धग लागते, त्यासाठी गोवऱ्या आणि बाभळीचे जाड लाकूड. पऱ्हाट्या-तुराट्या फक्त पेटवण्यापुरत्या. पहिला तास हळू, मग देगीतून बारीक खदखद ऐकू येईल इतकी आच धरून चार ते पाच तास. तासाला दीड लिटरच्या आसपास पाणी उतरले पाहिजे. भपक्याच्या गळ्याला हात लावून पाहत राहा. हात ठेवता येईल इतका कोमट असावा. चटका बसला तर हौदाचे पाणी बदला आणि निखारे बाहेर ओढा. एकूण सहा-सात लिटर उतरले की थांबा. त्यापुढे येतो तो शिजलेल्या पाकळीचा वास. आणि देगीत पाणी संपून फुले तळाला लागली तर जळका वास तेलात बसतो, त्यावर मग उपाय नाही.

विदर्भात एक अडचण जादा. एप्रिलमध्ये दुपारी हौदातले पाणीच मुळात तापलेले असते, ते वाफेला काय गार करणार. म्हणून फुले पहाटे आणून सहाला भट्टी पेटवा, अकराच्या आत उरका, हौद झाडाच्या सावलीत ठेवा आणि विहिरीचे पाणी हाताशी राहू द्या.

भपका रात्रभर हलवू नका. चंदनतेल पाण्यापेक्षा किंचित हलके, म्हणून सकाळी तेल वर आणि पाणी खाली. कनौजच्या भपक्याला तळाशी पाणी सोडायला भोक असते. घागरीला नसेल तर बारीक नळीने खालचे पाणी ओढून घ्या. हे पाणी फेकू नका! गुलाबाच्या वासाचा मोठा वाटा पाण्यात विरघळतो, तेच तर गुलाबपाणी. दुसऱ्या दिवशी देगीत साध्या पाण्याऐवजी आधी हे घाला, कमी पडेल तेवढे साधे. भपक्यात तेल तेच, देगीत फुले नवी. अशा दहा खेपा झाल्या की २५० ग्रॅम तेलात अंदाजे २० ग्रॅम गुलाब उतरतो. त्याला अत्तर म्हणायचे. एका खेपेवर बाटली भरून लोकांना वास देऊ नका, चंदनच लागेल आणि तुमचाच हिरमोड होईल.

अस्सल चंदनतेल किलोला लाखाच्या वर जाते. म्हणून पहिले वर्ष शिकण्यात घालवा आणि भपक्यात हलके लिक्विड पॅराफिन ठेवा. ते खवट होत नाही, त्याला स्वतःचा वास नाही, पण ते वास फार वेळ धरूनही ठेवत नाही. चंदनात सँटॅलॉल असते, ते अतिशय सावकाश उडते आणि हलक्या वासालाही आपल्याबरोबर धरून ठेवते. फरक तेवढ्यात आहे. डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, अत्तर पातळ करायला वापरतात ते) भपक्यात चालत नाही, पाण्यात मिसळून जाते. आणि बांधावर चंदनाचे झाड असेल म्हणून कुऱ्हाड काढू नका. तोड आणि वाहतूक दोन्हींना वनखात्याची परवानगी लागते.

काम झाल्यावर देग-भपका चिंचेने घासून, धुऊन, उलटे वाळवा. ओले ठेवले तर हिरवे चढते आणि पुढची खेप कळकते.

प्रश्न : अत्तर निघाले, पण गढूळ. पंधरा दिवसांत आंबूस वास येऊ लागला. (ता. आर्वी)

तेलात पाणी राहिले. कनौजला अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून उन्हात ठेवत, ओल कातड्यातून निघून जाते आणि तेल आत राहते. घरी काचेच्या उंच बाटलीत दहा-पंधरा दिवस उभे ठेवून तळाचे पाणी टाकून द्या. तरी धुरकट असेल तर प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारे निर्जल सोडियम सल्फेट १०० मिलीला दोन-तीन चमचे घालून हलवा. पावडर गोळे धरत असेल तर अजून पाणी आहे, आणखी थोडी घाला. मोकळी सैल राहिली की काम झाले, मग गाळून घ्या. आता जो आंबूसपणा आलाच आहे तो यातून जाणार नाही.

प्रश्न : आमचा जिल्हा दारूबंदीचा. अंगणात देग-भपका मांडला की लोक वेगळेच समजतील. काय करावे? (ता. सेलू, जि. वर्धा)

समजतीलच, कारण मोहाची गाळणाऱ्याचे आणि अत्तर गाळणाऱ्याचे सामान लांबून सारखेच दिसते. दारूबंदी कायद्यात दारू गाळण्याच्या हेतूने भांडी बाळगणे हाच गुन्हा आहे. अत्तरात मद्यार्क कुठेच येत नाही, फुले ताजी लागतात आणि काहीही आंबवले जात नाही. तरी भट्टी पेटवण्याआधी ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या. भट्टी आडोशाला न मांडता उघड्यावर मांडा. त्या छपरात गूळ, नवसागर, मोहफूल ठेवू नका, घरच्या कामाचे असले तरी.

याच वाचकाने मोहाच्या फुलाचे अत्तर होईल का असेही विचारले आहे. नाही. त्यात साखर इतकी की देगीच्या तळाला पाक लागून करपतो. आणि दोन दिवस राहिले की आंबून जे होते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

विक्रीचे म्हणाल तर सुगंधी तेल आणि अत्तर सौंदर्यप्रसाधनांत मोडते. बनवून विकायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो.

प्रश्न : पहिल्या पावसाच्या वासाचे मातीचे अत्तर निघते म्हणे. आमच्या काळ्या मातीचे निघेल का? आम्ही खारपाणपट्ट्यातले. (ता. दर्यापूर)

निघेल, पण ढेकळे देगीत टाकून नव्हे. काळी माती पाण्यात फुगते, चिखल होतो, तळाला बसतो आणि जळतो. कनौजलाही भाजलेली मातीच घालतात. कुंभाराकडून तळहाताएवढ्या पातळ चकत्या करून आव्यात भाजून घ्या. निव्वळ काळ्या मातीच्या चकत्या वाळताना तडकतात, काय मिसळायचे ते कुंभार जाणतो. झिलई किंवा रंग नको.

मग एक काम असे, की जे बहुतेक जण सोडून देतात. भाजलेल्या चकत्या एप्रिल-मेचे तीन-चार आठवडे मोकळ्या हवेत पसरून ठेवा, पाणी लागू देऊ नका. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे, की कोरड्या दिवसांत माती आणि दगड हवेतले तेलकट अंश शोषून ठेवतात आणि ओल लागली की सोडतात. भारतातल्या मातीच्या अत्तराची त्यांना माहिती होती. ओल्या शेताचा जो गडद वास असतो त्यात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी केलेले जिओस्मिनही असते. पण भट्टीतून आलेल्या चकतीत त्याची आशा धरू नका. म्हणूनच हे अत्तर ओल्या वावरापेक्षा नव्या माठासारखे लागते.

४ किलो चकत्या फोडून, ८ लिटर पाणी. खापरे थेट तळाला ठेवली तर उकळताना आदळून देगीला पोचे पडतात, म्हणून खाली बांबूचा तट्ट्या ठेवा. भपक्यात १०० ग्रॅम चंदनतेल. इथे पॅराफिनवर भागत नाही, हा वास त्यात टिकतच नाही. दर खेपेला नव्या चकत्या, सहा ते आठ खेपा. खारपाणाची काळजी मातीपुरती करू नका, मीठ वाफेबरोबर येत नाही. पण देगीत तिथल्या बोरचे पाणी घातले तर थर धरतो. पावसाचे साठवलेले वापरा.

प्रश्न : जत्रेत ‘गुलाबाचा अस्सल रूह’ म्हणून १० मिलीची बाटली ५० रुपयांना घेतली. खरा-खोटा कसा ओळखावा? (ता. मोर्शी)

वरचाच हिशेब लावा. १० मिली रूहाला, म्हणजे चंदन न मिसळलेल्या निव्वळ गुलाबतेलाला, तीस-चाळीस किलो फुले लागतात. ५० रुपयांत तेवढ्या फुलांची तोडणीसुद्धा होत नाही. बाटलीत काय आहे एवढाच प्रश्न उरतो.

चार थेंब ९० टक्क्यांच्या स्पिरिटच्या चमचाभरात घालून हलवा. चंदनतेल विरघळून नितळ होते. लिक्विड पॅराफिन किंवा खाद्यतेल असेल तर दुधाळ होऊन थेंब वेगळे पडतात. मात्र डीओपी नावाचे स्वस्त रसायनही स्पिरिटमध्ये विरघळते, ते या परीक्षेत पास होऊन जाते. म्हणून नुसते नितळ झाले म्हणून अस्सल समजू नका. निव्वळ गुलाबतेल असेल तर फ्रीजमध्ये त्यात सुयांसारखे स्फटिक धरतात आणि हातात धरले की विरतात. चंदनावर काढलेल्या अत्तराला ही परीक्षा लागू नाही. कागदावरचा वास मात्र सगळ्यांना लागू. पहिल्या मिनिटाला नाकात घुसून तासाभरात नाहीसा होतो तो कृत्रिम आणि पातळ केलेला. चंदनावरचा गुलाब दुसऱ्या दिवशीही कागदावर असतो, फक्त गुलाब मागे जाऊन चंदन पुढे येते.

गुलाबात सगळ्यात जास्त मिसळले जाते ते मात्र आपल्याच डोंगरातले. सातपुड्यात, मेळघाटात होणारे रोशा गवत, तिखाडी. त्याच्या मोतिया जातीच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचे द्रव्य खूप, आणि गुलाबातही तेच मोठ्या प्रमाणात. एके काळी मुंबईहून हे तेल तुर्कस्तानला जाई आणि तिथल्या बाजारात गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपात त्याचे नावच ‘तुर्की जिरॅनियम’ पडले होते. ओळख अशी, की रोशाच्या वासात गुलाबाच्या मागे एक गवताळ, लिंबट तिखटपणा असतो. गुलाबाचा मधाळपणा त्यात नाही. त्यात फसवणूक एवढीच की गुलाबाच्या नावाने विकतात. रोशाचे म्हणून विकले तर ते स्वतः चांगले तेल आहे, आणि १०० किलो फुलोऱ्यावरच्या गवतातून ते ३०० ते ५०० ग्रॅम निघते. गुलाबाच्या दहापट तरी!

प्रश्न : कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या भरपूर पडल्या आहेत. त्यातून वाळ्याचे अत्तर काढता येईल? (ता. काटोल)

चार महिने धूळ, क्षार आणि शेवाळ पिऊन झालेल्या ताटीतून कूलरच्याच पाण्याचे अत्तर निघेल. नवी मुळे घ्या. माती पूर्ण धुवा, दोन-दोन इंच तुकडे करून रात्रभर भिजवा. वाळ्याचे तेल जड आणि चिवट, फुलासारखे पाच तासांत येत नाही. मंद आचेवर अठरा ते चोवीस तास लागतात. शिवाय ते पाण्याच्या जवळपास वजनाचे असल्यामुळे कधी तरंगते, कधी बुडते, कधी मधेच लोंबते. म्हणून भपक्यात चंदनतेल ठेवून काढणे सोपे. तांब्याच्या देगीतून आले की हिरवट दिसते, तो दोष नाही.

प्रश्न : सोनचाफा, प्राजक्त आणि बकूळ, तिन्ही परसात आहेत. कोणते कसे करावे? (ता. पवनी, जि. भंडारा)

सोनचाफा मोगऱ्याच्या कापडाच्या रीतीने, पण रात्रभर नव्हे. चार-पाच तासांत पाकळी काळवंडते, त्याआधी बदला. दिवसातून दोनदा बदलायची तयारी असेल तरच हात घाला.

प्राजक्ताच्या मागे लागू नका. सडा पडतो तेव्हाच त्याचा वास उतरणीला लागलेला असतो. तेलात उतरतो तो देठाचा केशरी रंग.

बकूळ मात्र उलट्या स्वभावाची. वाळली तरी वास सोडत नाही, म्हणून इथे घाई नाही. पहाटे वेचलेली फुले सावलीत चार दिवस वाळवा, वाळलेली १०० ग्रॅम फुले ४०० मिली तीळतेलात रुंद तोंडाच्या बरणीत घाला, तोंडाला कापड बांधून वीस दिवस सावलीच्या ओट्यावर ठेवा आणि रोज एकदा हलवा. गाळून त्याच तेलात पुन्हा १०० ग्रॅम नवी फुले घाला. तीन वेळा केले की पुरे. फुले ओली असतील तर पाचव्या दिवशी बरणीत बुडबुडे दिसतील. तेव्हा फुले काढून तेल गाळा आणि वाळलेल्या फुलांनी पुन्हा सुरुवात करा.